बाबा गनूश: आपल्या भरताचा अरबी भाऊ, घरी करायचा कसा

हिवाळ्यात कॉटन मार्केटातून भरताचं वांगं आणलं की आपल्याकडे फोडणीच बसते, दुसरा विचारच नाही. पण यावेळी दोन वांगी जास्तीची घ्या आणि एकदा बाबा गनूश करून पहा, मी तर या हिवाळ्यात भरतापेक्षा हेच जास्त करून राहिले.

आधी नाव. अरबीतही बाबा म्हणजे बाबाच, वडील, आणि गन्नूज म्हणजे लाडावलेला, नखरेल. दात पडलेल्या बापासाठी लेक वांगं भाजून, कुस्करून द्यायची अशी एक गोष्ट सांगतात, खरी असो नसो, मला आवडते. सीरिया-लेबनानकडे बऱ्याच ठिकाणी तिळाची पेस्ट घातली तर त्याला मुतब्बल म्हणतात आणि बाबा गनूशमध्ये टमाटर, कांदा, डाळिंबाचा आंबटगोड पाक पडतो, पण बाकी जगात हॉटेलात बाबा गनूश म्हणून जे मिळतं ते बहुतेक तिळवालंच. आणि वांगं मुळात आपल्याकडचंच बरं का, संस्कृत वातिंगण फारसीत बादिंगान झालं, अरबीत बादिंजान, तिथून पोर्तुगीजांकडे बेरिंजेला, आणि तेच फिरून ब्रिंजल होऊन आपल्या दारात परत आलं!

आता कृती. ५०० ग्रॅमचं एक वांगं, हातात घेतल्यावर आकारापेक्षा हलकं लागेल असं, बिया कमी असतात. दोन-तीन टोचे मारा नाहीतर फुटतं. तुराट्यांवर, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्यांवर, भाजायला मिळालं तर सोनंच, नाहीतर गॅसवर फिरवत फिरवत, साल पूर्ण काळी होऊन वांगं पार लोळागोळा होईपर्यंत, घाई करू नका कारण सगळी चव त्या धुरातच आहे. साल काढताना नळाखाली अजिबात धुवायचं नाही, धूर वाहून जातो. मग गर १५-२० मिनिटं चाळणीत ठेवा, पाणी निथळू द्या, हे टाळलं तर नंतर सगळं पचपचीत.

ताहिनी, म्हणजे तीच तिळाची पेस्ट, विकत घ्यायची गरज नाही. अर्धी वाटी पांढरे तीळ मंद आचेवर जेमतेम गरम करा, लाल झाले की कडू लागतात, मग थोडं तेल घालून मिक्सरमध्ये लोण्यासारखे वाटा. त्यातले २ मोठे चमचे घ्या, अर्ध्या लिंबाचा रस, लसणाची एकच पाकळी ठेचून, मीठ. लिंबू पडताच ताहिनी घट्ट होते, घाबरू नका, चमचाभर गार पाणी घाला, सैल होऊन पांढरी होते. यात गर काट्याने कुस्करून मिसळा, मिक्सर नको, रेषे राहिले पाहिजेत.

आणि फोडणी नाही, मोहरी नाही, तिखट नाही, हात आवरा! वरून ऑलिव्ह ऑईल, पार्सलीऐवजी आपला सांबार, म्हणजे कोथिंबीर, बारीक चिरून. पिटा ब्रेड नसला तर ज्वारीच्या गरम भाकरीसोबत खा, आमच्याकडे तर दुसऱ्या दिवशी फ्रिजमधलं जास्त संपतं, चव मुरते म्हणून.