घरासाठी कोटेशन मागवताय? आधी या चुका टाळा

नाशिकला मखमलाबादच्या पुढे माझ्या मावशीचा छोटा प्लॉट आहे. मागच्या दिवाळीनंतर तिने घर बांधायचं मनावर घेतलं आणि तीन कॉन्ट्रॅक्टरांकडून दर मागवले. तिघांना आर्किटेक्टचा प्लॅन व्हॉट्सॲपवर पाठवला आणि खाली एक ओळ लिहिली, "चांगलं काम पाहिजे, दर कळवा." आठवड्याभरात उत्तरं आली. चौरस फुटाला १,७५०, १,९०० आणि २,२५० रुपये. संध्याकाळी मावशीचा फोन. "अरे, पहिल्यालाच हो म्हणते. यात विचारायचं काय?"

मी बांधकामाची बिलं तपासायचं काम करतो, त्यामुळे नात्यातल्या कुणाचंही कोटेशन शेवटी माझ्यापुढे येतंच. तिन्ही कागद शेजारी ठेवले. पहिल्याने क्षेत्रफळ धरलं होतं १,४८० चौरस फूट, दुसऱ्याने १,३१०. आता गुणाकार करा. पहिल्याचं घर २५ लाख ९० हजारांचं, दुसऱ्याचं २४ लाख ८९ हजारांचं. दर कमी आणि घर लाखभराने महाग! तिसऱ्याच्या रकमेत कंपाउंड वॉल, जमिनीखालची पाण्याची टाकी आणि मुख्य दाराची सागवानी चौकट धरलेली होती. बाकी दोघांच्या कागदावर यातलं काहीच नव्हतं. एकाच प्लॅनवर तिघांनी तीन वेगळ्या घरांचे दर दिले होते. लबाडी कुणीच केली नव्हती. मावशीने जे सांगितलं नाही, ते ज्याने त्याने आपल्या सवयीप्रमाणे धरलं, एवढंच.

कामाची यादी म्हणा किंवा स्पेसिफिकेशन म्हणा, त्यात जी जागा कोरी राहते ती पुढे बिलात 'एक्स्ट्रा' या नावाने भरली जाते. माझ्यापर्यंत येणारी बहुतेक भांडणं या कोऱ्या जागांवरून झालेली असतात.

चौरस फूट कुणाचा धरायचा?

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. चौरस फुटाचा दर विचारायचा आणि चौरस फूट मोजायचे कसे ते ठरवायचं नाही. पोर्च पूर्ण धरायचा की अर्धा? बाल्कनी? जिना एकदाच मोजायचा की प्रत्येक मजल्याला? जिन्यावरचा हेडरूम आणि टाकीखालचा स्लॅब? काही जण बाहेर आलेले छज्जेसुद्धा धरतात. प्रत्येकाची पद्धत निराळी, आणि प्रत्येकाला आपलीच रीतसर वाटते.

उपाय सोपा आहे. क्षेत्रफळ त्यांना काढू देऊ नका. आर्किटेक्टकडून एकच आकडा काढून घ्या, त्यात काय धरलंय ते लिहा आणि तोच आकडा सगळ्यांना द्या. कंपाउंड वॉल, गेट, जमिनीखालची टाकी, सेप्टिक टँक, बाहेरची फरसबंदी यांचे दर वेगळ्या ओळींत मागा. ही कामं चौरस फुटाच्या दरात मिसळली की तुलना संपली.

मोजमापाचं एकक प्रत्येक ओळीत लिहा. आपल्याकडे 'ब्रास' हा शब्द दोन्हीकडे चालतो. खडी, वाळू, मुरूम यांचा ब्रास म्हणजे १०० घनफूट आणि प्लास्टर, फरशीचा ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. कॉन्ट्रॅक्टरचा यात गोंधळ होत नाही, मालकाचा होतो. प्लास्टरमध्ये खिडक्या-दारांची वजावट हे दुसरं हमखास भांडण. आयएस १२०० या मानकाप्रमाणे अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या जागेची वजावट करत नाहीत, अर्धा ते तीन चौरस मीटरपर्यंत एकाच बाजूची करतात, आणि त्याहून मोठी असेल तर दोन्ही बाजूंची करून आतल्या कडांचं प्लास्टर मोजतात. हे पाठ करायची गरज नाही. 'मोजमाप आयएस १२०० प्रमाणे' ही एक ओळ यादीत आली की पुरे.

जमिनीखाली काय आहे ते न बघता दर मागणे

नाशिकची जमीन एकसारखी नाही. मखमलाबाद, आडगाव या बाजूंना, जिथे काल-परवापर्यंत द्राक्षं आणि भाजीपाला होता, तिथे काळी माती खोलवर सापडते. दुसरीकडे दोन-तीन फुटांवर मुरूम लागतो, कुठे थेट काळा पाषाण. एकाच कॉलनीतले शेजारी प्लॉटही वेगळे निघतात, म्हणून 'शेजाऱ्याचं पाच फुटांत झालं' यावर विसंबू नका.

कोटेशनमध्ये बहुधा 'खोदाई ५ फुटांपर्यंत' असं बारीक अक्षरात असतं. काळ्या मातीत पाच फुटांवर थांबता येत नाही. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि पाया तिच्यात ठेवला की भिंतींना तडे जातात. खाली जावंच लागतं, आणि मग प्रत्येक फुटाचा दर कॉन्ट्रॅक्टर म्हणेल तो. अर्धवट खोदलेल्या खड्ड्याच्या काठावर उभं राहून कुणी घासाघीस करू शकत नाही.

म्हणून दर मागवण्याआधी प्लॉटच्या दोन कोपऱ्यांत जेसीबीने चाचणी खड्डे घ्या. काम एका सकाळचं आहे. कोणत्या खोलीवर काय लागलं ते लिहा, फोटो काढा, ते कागद यादीला जोडा. मग तीन दर मागा : ठरलेल्या खोलीपर्यंत, त्यापुढे दर फुटाला, आणि खडक लागल्यास ब्रेकरने फोडायचा वेगळा. मुरूम भरणी ट्रकने मोजू नका, दाबून बसलेल्या भरावाच्या मापाने मोजा. खोदून निघालेली काळी मातीच जोत्यात परत भरायची नाही, हेही शब्दांत लिहा. न लिहिल्यास ती भरली जाते, हे मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिलंय.

जोत्याची उंचीही इथेच ठरवा आणि ती रस्त्याच्या पातळीवरून मोजा, कारण डांबराचा रस्ता काँक्रीटचा झाला की वर येतो. गोदावरी, नासर्डी किंवा वालदेवीच्या जवळपास प्लॉट असेल तर निळी आणि लाल पूररेषा, म्हणजे पुराचं पाणी कुठवर येऊ शकतं ते दाखवणाऱ्या सरकारी रेषा, आधी बघून घ्या. गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलं यावरून आपण पूर मोजतो खरा, पण २००८, २०१६ आणि २०१९ ला ज्यांच्या ओट्यावर पाणी आलं, त्यांना जोत्याच्या एका फुटाची किंमत विचारा.

आरसीसी ड्रॉइंगशिवाय कोटेशन

आर्किटेक्टचा प्लॅन भिंती दाखवतो, सळई दाखवत नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरचं ड्रॉइंग नसेल तर कॉन्ट्रॅक्टर चौरस फुटाला साडेतीन-चार किलो सळई असा ठोकताळा धरतो. पुढे ड्रॉइंगमध्ये जास्त निघाली की फरक तुमच्यावर आणि कमी निघाली तर फायदा त्याचा. इंजिनिअरची फी वाचवण्याच्या नादात लोक ड्रॉइंग नंतर करतात. माझ्या मते ही सगळ्यात खोटी बचत.

ड्रॉइंग हातात आलं की यादीत लिहायचं थोडंच उरतं. काँक्रीट किमान एम २० या ताकदीचं. सळई एफई ५००डी या प्रतीची, आयएसआय चिन्हाची. कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, फूटिंगला (पायाला) ५०, कॉलमला ४०, बीमला २५ आणि स्लॅबला २० मिलिमीटर. क्युरिंग साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, पीपीसीला (फ्लाय ॲश मिसळलेल्या सिमेंटला) किमान १०, आणि पाणी मारायला माणूस कुणाचा तेही. सळई वजनावर घेत असाल तर एक हिशोब लक्षात ठेवा. व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरला किलो. १२ मिलिमीटरच्या १२ मीटर लांब सळईचं वजन साधारण १०.६७ किलो भरायला हवं.

'चांगल्या प्रतीचे' आणि 'समतुल्य'

हे दोन शब्द यादीतून हाकलून द्या. 'चांगल्या प्रतीची वीट' म्हणजे काय? एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रामुळे नाशिकमध्ये फ्लाय ॲशच्या विटा सहज मिळतात. भट्टीची लाल वीट वेगळी, ब्लॉक वेगळे. बाहेरची भिंत नऊ इंची की सहा इंची, यावर दर तर बदलतोच, आतल्या खोलीचं मापही बदलतं. वाळू नदीची की क्रश सँड (दगड फोडून केलेली), प्लास्टरला कोणती, हे लिहा. ब्रँडच्या बाबतीत 'अमुक किंवा समतुल्य' लिहिलंत तर समतुल्य कोण ठरवणार? तीन-चार नावं लिहा, 'यांपैकीच' म्हणा आणि विषय संपवा.

टाइल्सचं गणित मात्र नीट समजून घ्या, कारण इथे शिकलेले लोकही फसतात. कोटेशनमध्ये 'टाइल्स बेसिक रेट ५० रुपये' असं असतं. तुम्ही दुकानात जाता, घरच्यांना ७२ रुपयांची आवडते. हजार चौरस फुटांना फरक २२ हजार, असं तुम्ही मनात धरता. बिल जास्त येतं. का? त्याच्या ५० मध्ये जीएसटी आणि गाडीभाडं धरलेलं असतं, तुमचे ७२ दुकानदाराने जीएसटीशिवाय सांगितलेले असतात. वर कापण्यात आणि फुटण्यात जाणारा माल, शिवाय स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावायची पट्टी. म्हणून असं लिहा : 'टाइल्सचा मूळ दर ५० रुपये, जीएसटीसह, साइटपोच, लावण्याची मजुरी आणि सिमेंट-वाळू कॉन्ट्रॅक्टरच्या दरात, घट इतके टक्के धरून.' नळ, कमोड, बेसिन, ओट्याचा ग्रॅनाइट, दारांची कुलपं, सगळ्यांना हाच नियम.

बारीकसारीक, पण खिसा रिकामा करणारं

विजेचे पॉइंट खोलीनुसार मोजून लिहा. 'आवश्यकतेनुसार' लिहिलंत तर आवश्यकता त्याची. एसी, इन्व्हर्टर, गच्चीवरच्या सोलरसाठी पाइप आत्ताच टाकून घ्या, नंतर भिंत फोडावी लागते. आतली पाइपलाइन सीपीव्हीसी (गरम पाणीही चालणारा प्लास्टिक पाइप). बाथरूमच्या खोलगट स्लॅबला वॉटरप्रूफिंग आणि फरशीआधी दोन-तीन दिवस पाणी भरून चाचणी. गच्चीला ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा वॉटरप्रूफिंगचा थर) की दुसरं काही, तेही नावानिशी.

बांधकामाचं पाणी कुणाचं? टँकर आला तर पैसे कुणी द्यायचे? महावितरणची तात्पुरती जोडणी, वॉचमन, सिमेंट ठेवायची खोली, महापालिकेचं शुल्क, कामगार कल्याण उपकर, जोता तपासणी, भोगवटा प्रमाणपत्र. प्रत्येकासमोर 'मालक' किंवा 'कॉन्ट्रॅक्टर' लिहायचं. दहा मिनिटांचं काम आहे, पण करत कुणीच नाही.

जीएसटी तर शेवटच्या ओळीत लपलेला असतो. मटेरियलसह कामाला १८ टक्के लागतो, म्हणजे २५ लाखांवर साडेचार लाख. स्वतंत्र एका घराच्या निव्वळ मजुरीच्या कामाला तो माफ आहे. दर जीएसटीसह आहे की वगळून, हे न विचारता दोन कोटेशनांची तुलना करू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, तेव्हा जुन्याच साच्यातून दर काढणाऱ्याला तेवढं विचारायला हरकत नाही.

दर किती दिवस टिकणार हेही लिहून घ्या. २०२७ च्या सिंहस्थाची कामं शहरभर चालू असताना माणसं आणि यंत्रं दोन्ही तिकडे ओढली जातात. भाववाढ फक्त सिमेंट आणि सळईवर, ठरलेल्या मूळ भावाच्या फरकाइतकीच, असा शब्द घ्या.

कोटेशनं आलीयत आणि गोंधळ झालाय, तर?

आकड्यांत मोठी तफावत असेल तर भाव पाडून मागायला धावू नका. प्रत्येकाकडून एकच गोष्ट मागा : 'दरात नाही' अशा कामांची यादी. निम्मी तफावत तिथेच सापडते.

कुणी एक जण इतरांपेक्षा फारच खाली असेल तर त्याला सळईचे किलो आणि सिमेंटच्या गोण्या विचारा. ज्याने खरंच हिशोब केलाय तो लगेच सांगतो.

कोटेशनच येत नसेल तर बहुधा यादी चाळीस पानांची झालेली असते. सहा-आठ पानं, ड्रॉइंग आणि दर भरायचा कोरा तक्ता, एवढं पुरतं. एकाने शंका विचारली तर उत्तर तिघांनाही पाठवा.

सही होऊन काम चालू झालं असेल तर झालेलं उकरत बसू नका. पुढच्या टप्प्यांची यादी आज करा आणि प्रत्येक 'एक्स्ट्रा' काम सुरू होण्याआधी त्याचा दर कागदावर घ्या, व्हॉट्सॲपवर का होईना.

मावशीने नवा तक्ता तिघांनाही पाठवला. दोघांचा भरून आला आणि त्यांच्यातला फरक आता सत्तर हजारांचा होता. १,७५० वाल्याने फोन करून सांगितलं, "ताई, एवढं लिहून कोण देतं हो?" काम २,२५० वाल्याकडे गेलं. बिलाचे ५ टक्के हातात ठेवून ते एक पूर्ण पावसाळा गेल्यावर द्यायचे, ही अट मावशीने स्वतःच्या हाताने शेवटी लिहिली होती. त्याने ती वाचली, गच्चीकडच्या उताराचं ड्रॉइंग पुन्हा एकदा मागून घेतलं आणि सही केली.