लोकलमध्ये खेळायचा कन्सोल घेताना

हँडहेल्ड कन्सोल, म्हणजे हातात धरून व्हिडिओ गेम खेळायचं यंत्र, कुठला घेऊ, असं कुणी विचारलं की मी आधी विचारते, खेळणार कुठे? बहुतेक जण "कुठेही" म्हणतात आणि मग सगळ्यात महागडा, सगळ्यात ताकदवान डबा उचलून आणतात. दोन महिन्यांनी तो कपाटात जातो.

मी बोरिवलीहून चर्चगेटला जाते, लेडीज सेकंड क्लासने, आणि माझं खेळणं जवळजवळ सगळं गाडीतच होतं. त्यामुळे पुढचं सगळं लोकलच्या हिशोबाने लिहिलंय. सोफ्यावर लोळून खेळणाऱ्यांनी पहिला भाग सोडला तरी चालेल, काउंटरवरच्या तपासणीचा मात्र सोडू नये.

आधी झोप बघा, मग ताकद

प्रोसेसर, रॅम, रिफ्रेश रेट हे सगळं नंतर. पहिला प्रश्न असा की कन्सोल किती पटकन झोपतो (म्हणजे स्लीप मोडमध्ये जातो) आणि उठल्यावर खेळ जिथे थांबला होता तिथूनच चालू होतो का. अंधेरीला गर्दी आत आली की हातातली वस्तू दोन सेकंदांत पर्समध्ये गेली पाहिजे. तेव्हा "सेव्ह पॉइंटपर्यंत जाऊन बंद करते" हे चालत नाही.

या बाबतीत निन्टेन्डो डीएससारखं दुसरं काही मी पाहिलं नाही. २००४ चं यंत्र, पण झाकण लावलं की खेळ जागच्या जागी थांबतो, उघडलं की सुरू. सोनीच्या पीएसपीत पॉवरचा खटका एकदा सरकवला की काम झालं. सोनीचाच व्हिटा आणि निन्टेन्डोचा स्विच बटण दाबताच झोपतात. वाल्व कंपनीचा स्टीम डेक आकाराने दांडगा असला तरी त्याची स्वतःची लिनक्सवरची सिस्टीम आहे, तोही नीट झोपतो. आरओजी अ‍ॅलाय, लीजन गो वगैरे आसुस, लेनोवोचे विंडोजवर चालणारे कन्सोल ताकदीला जबरदस्त आहेत, पण विंडोज मुळात लॅपटॉप-डेस्कटॉपची. झोपेतून उठल्यावर गेम तसाच्या तसा परत येईलच अशी खात्री नसते, मध्येच अपडेटही डोकं वर काढतात. ज्याला टेबलावर ठेवून, चार्जर लावून खेळायचंय त्याने ते जरूर घ्यावेत.

वजनाचंही बघा. स्टीम डेकचं पहिलं मॉडेल ६६९ ग्रॅम, आरओजी अ‍ॅलाय ६०८ ग्रॅम. जॉय-कॉन (दोन बाजूंचे सुटे होणारे कंट्रोलर) लावलेला पहिला स्विच साधारण ४०० ग्रॅम, स्विच लाइट २७५, पीएसपी ३००० फक्त १८९. तिघींच्या बाकावर चौथी म्हणून बसून अर्धं शरीर बाहेर लटकत असताना, एका बाजूला कुणाचा डबा आणि दुसऱ्या बाजूला कुणाची झोपलेली मान सांभाळत ६६९ ग्रॅम धरून बघा, मनगटच सांगेल. शिवाय मोठ्या कन्सोलला कोपरं पसरावी लागतात आणि आपल्याकडे कोपर पसरलं की भांडण ठरलेलं. माझ्या भाच्याला स्टीम डेकच हवा होता. तो भांडुपहून घाटकोपरला कॉलेजला जातो, म्हणजे बसायला मिळेपर्यंत उतरायची वेळ. त्याला मी स्विच लाइट घ्यायला लावला. टीव्हीला जोडता येत नाही म्हणून महिनाभर रुसला होता.

कुठून घ्यायचा

निन्टेन्डो भारतात स्विच अधिकृतपणे विकत नाही. वाल्वसुद्धा स्टीम डेक इथे विकत नाही. दुकानात दिसतात ते सगळे दुबई, सिंगापूर, जपान, अमेरिका असा प्रवास करून आलेले. ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड आणि हाजी अलीचं हिरा पन्ना हे याचे जुने अड्डे. लॅमिंग्टन रोडला रविवारी जाऊ नका, बरीच शटर्स खाली असतात. आसुस, लेनोवो यांचे कन्सोल मात्र भारतात अधिकृत मिळतात, अ‍ॅलाय २०२३ मध्ये इथे आला तेव्हा त्याची किंमत ६९,९९० रुपये होती. अधिकृत म्हणजे पक्कं बिल आणि कंपनीची वॉरंटी. ग्रे मालाला, म्हणजे अधिकृत मार्गाने न आलेल्या मालाला, असते ती दुकानदाराच्या तोंडची वॉरंटी. ती कार्डाच्या मागे का होईना, तारीख आणि सिरियल नंबरसकट लिहून घ्या. "मॅडम, सीलपॅक है, टेन्शन मत लो" हे ऐकून हसायचं आणि सील तिथेच, काउंटरवरच फोडायचं.

सध्या एका गोष्टीला विशेष जपा. स्विच २ जून २०२५ मध्ये आला तेव्हा जपानमध्ये त्याचे दोन प्रकार निघाले. फक्त जपानी भाषेचा ४९,९८० येनचा आणि सगळ्या भाषांचा ६९,९८० येनचा. स्वस्त प्रकारात मेन्यू जपानीच राहतो आणि जपानचंच अकाउंट चालतं. कुणी "जपान पीस आहे, स्वस्तात देतो" म्हणालं तर सेटिंगमध्ये जाऊन इंग्रजी भाषा दिसते का ते आधी बघा. जुन्या स्विचला ही भानगड नाही, कुठल्याही देशाचा असला तरी जवळजवळ कुठल्याही देशाची कार्ट्रिज (गेम असलेलं छोटं कार्ड) चालते. निन्टेन्डोच्याच जुन्या थ्रीडीएसला मात्र देशाचं कुलूप आहे, जपानी थ्रीडीएसवर अमेरिकन कार्ट्रिज चालत नाही. त्याचं ऑनलाइन दुकानही मार्च २०२३ पासून खरेदीसाठी बंद आहे, तेव्हा तो घ्याल तो कार्ट्रिज सोबत मिळत असतील तरच.

काउंटरवर

सेकंडहँड घेताना घाई करणारा दुकानदार असेल तर सरळ पुढच्या दुकानात जायचं. जाताना सोबत मोबाइलचं हॉटस्पॉट, एक तारेचा हेडफोन, टाइप-सी केबल आणि पॉवर बँक न्या. एखादं मेमरी कार्ड आणि ओळखीतली कार्ट्रिज मिळाली तर उत्तम.

कन्सोल हातात आला की चालू करायच्या आधी काचेवर पालथा-उताणा ठेवून कोपरे दाबा. डुगडुगला किंवा पाठ फुगलेली वाटली तर आतली बॅटरी फुगली आहे. पीएसपीचं बॅटरीचं झाकण उघडता येतं, ते उघडून डोळ्यांनी बघा. जुन्या पीएसपीत हे फार सर्रास आहे. फुगलेल्या बॅटरीचा कन्सोल "चालतोय ना" म्हणून घ्यायचा नाही. घ्यायचाच तर बॅटरी त्याच्याकडून बदलून घ्या आणि जुनी घरी आणू नका.

मग स्क्रू. निन्टेन्डोचे बाहेरचे स्क्रू तीन पात्यांचे असतात, साध्या पेचकसाने खोलायला गेलं की त्यांची डोकी खरवडतात. खरवडलेला स्क्रू म्हणजे कुणीतरी आत हात घातलाय. तेवढ्याने माल वाईट ठरत नाही, पण काय बदललं ते विचारायचा हक्क मिळतो आणि भाव पाडायलाही मदत होते.

खालच्या कडेवरचा सिरियल नंबर वाचा. पहिल्या स्विचचा एक्स-ए-डब्ल्यूने सुरू होत असेल तर तो २०१७ चा मूळ प्रकार, निन्टेन्डोच्याच आकड्यांप्रमाणे बॅटरी अडीच ते साडेसहा तास. एक्स-के-डब्ल्यू असेल तर २०१९ चा सुधारलेला, साडेचार ते नऊ तास. जपानी मालात शेवटचं अक्षर डब्ल्यूऐवजी ‘जे’ (J) असतं. दुकानदार दोन्ही एकाच भावाने सांगतात, तुम्ही एकच भाव देऊ नका.

आता चालू करा. आधीच्या मालकाचं अकाउंट अजून आत असेल तर तुमच्यासमोर सगळं पुसायला सांगा. त्यानंतर हॉटस्पॉटला जोडून निन्टेन्डोचं ऑनलाइन दुकान उघडून बघा. ही पायरी लोक हमखास गाळतात. पायरेटेड गेम खेळल्यामुळे निन्टेन्डोने ऑनलाइनची बंदी घातलेले स्विच बाजारात भरपूर फिरतात आणि वरून अगदी नव्यासारखे दिसतात. २१२४-४००७ असा एरर आला की समजा, हा डबा कायमचा ऑफलाइन. तुम्हाला कार्ट्रिजवरच खेळायचं असेल तर तो चालू शकतो, पण मग भाव तसाच हवा.

अंगठ्याने फिरवायच्या स्टिकला सगळ्यात जास्त वेळ द्या. स्विचच्या सेटिंगमध्ये कंट्रोलर आणि सेन्सर या भागात स्टिक कॅलिब्रेट करायचा पर्याय आहे. तिथे स्टिक दाबली की पडद्यावर एक खूण दिसते. स्टिक कडेकडेने हळू फिरवा, सोडा, पुन्हा फिरवा, सोडा. प्रत्येक वेळी खूण बरोबर मध्यावर आली पाहिजे. थोडी जरी एका बाजूला रेंगाळली तरी ड्रिफ्ट, म्हणजे हात न लावता स्टिक सरकल्यासारखी वागणं, सुरू झालाय. या स्टिकच्या आत कार्बनची पट्टी आणि तिच्यावर घासणारा धातूचा स्पर्श असतो. घासून घासून पट्टी झिजते, भुकटी साचते आणि आकडा चुकीचा जायला लागतो. साफ करून थोडे दिवस निघतात, झीज काही भरून येत नाही. पक्का उपाय म्हणजे चुंबकावर चालणारी हॉल इफेक्ट स्टिक, जिच्यात घासायला काहीच नसतं. लॅमिंग्टन रोडवर विचारत फिरलात तर ती बसवून देणारे सापडतात. साध्या स्विचचा जॉय-कॉन काढून दुरुस्तीला देता येतो, लाइटला मात्र पूर्ण कन्सोल उघडावा लागतो.

जॉय-कॉन लावून, मागचं बटण न दाबता वर ओढून बघा. सरकला तर आतली खाच झिजली आहे. घरी ते चालून जाईल, पण दादरला धक्का बसल्यावर नुसता जॉय-कॉन हातात राहील आणि कन्सोल कुणाच्या तरी चपलेखाली असेल.

पडदा पूर्ण उजेडावर ठेवून पांढरं चित्र आणि मग काळं चित्र बघा. व्हिटाचं पहिलं मॉडेल ओलेड पडद्याचं आहे, फार देखणं. अंधाऱ्या चित्रात त्यावर डागांसारखे पट्टे दिसणं नेहमीचं आहे, थोडे असतील तर दुर्लक्ष करा. मग टाइप-सी केबल असेल तर ती दोन्ही बाजूंनी उलटसुलट लावून चार्ज होतो का, हेडफोनच्या दोन्ही कानांत आवाज येतो का, कार्ट्रिज आणि मेमरी कार्ड ओळखतो का, एवढं भराभर. शेवटी दहा-पंधरा मिनिटं तिथेच उभं राहून काहीतरी खेळा. पंखा खरखरायला लागला तर तो या वेळातच लागतो. दुकानदार कंटाळतो, कंटाळू द्या.

चार्जर, पॉवर बँक, कार्ड

अमेरिकेहून नातेवाइकांनी आणलेला गेम बॉय अ‍ॅडव्हान्स एसपी, डीएस लाइट किंवा थ्रीडीएस असेल तर त्याचा चार्जर तसाच आपल्या सॉकेटमध्ये घालू नका. तो १२० व्होल्टचा असतो, जपानी असेल तर १०० चा. आपल्याकडे २३० व्होल्ट. पिन बदलणारा स्वस्तातला अ‍ॅडॅप्टर फक्त आकार बदलतो, व्होल्ट तेवढेच राहतात. या यंत्रांसाठी यूएसबी केबल मिळते, ती घ्या आणि मोबाइलच्या चार्जरला लावा. स्विचचा आणि सोनीचा चार्जर १०० ते २४० व्होल्टचा असतो, त्यांना फक्त पिनचा प्रश्न. तरीही मागचं बारीक अक्षर वाचायची सवय ठेवा.

मी हिशोब खात्यात काम करते, म्हणून पॉवर बँकेच्या जाहिराती वाचून गंमत वाटते. १०,००० एमएएच म्हणजे ३.७ व्होल्टने गुणल्यावर ३७ वॉट-तास, त्यातलेही काही उष्णतेत जातात. स्टीम डेकच्या पहिल्या मॉडेलची बॅटरीच ४० वॉट-तासांची, ओलेड मॉडेलची ५०. म्हणजे ती पॉवर बँक त्याला एकदाही पूर्ण भरत नाही. स्विचची बॅटरी १६ वॉट-तासांची, तिला दीडेक वेळा भरेल. स्टीम डेकला ४५ वॉट देणारी पीडी (पॉवर डिलिव्हरी, म्हणजे जलद चार्जिंगची) पॉवर बँक लागते, नाहीतर खेळताना चार्जिंग लावूनही टक्के उतरतच राहतात.

जुने गेम चालवणारे चिनी रेट्रो कन्सोल, म्हणजे अ‍ॅनबर्निक, मियू वगैरे, लोकलसाठी मला फार आवडतात. शर्टाच्या खिशात मावतात, आणि हरवला तरी रडू येत नाही. पण सोबत येणारं हजारो गेम भरलेलं कार्ड दोन कारणांनी नको. एक तर तो माल चोरीचा, आणि दुसरं, ती बिननावाची कार्डं लवकर मरतात व सेव्ह केलेलं सगळं घेऊन जातात. चांगल्या कंपनीचं कार्ड घ्या, सिस्टीम त्यावर उतरवा. नवं कार्डसुद्धा लॅपटॉपवर काठोकाठ भरून, भरलेलं परत वाचून तपासा. फूटपाथवरच्या ५१२ जीबीच्या कार्डात खरे ३२ निघतात. व्हिटाला सोनीचं वेगळं कार्ड लागतं, ते आता कन्सोलइतकंच जपून शोधावं लागतं. कार्डासकट मिळणारा व्हिटा म्हणूनच थोडा महाग पडला तरी घ्या.

पावसाळा

जून ते सप्टेंबर कन्सोल पर्समध्ये नुसता टाकू नका. झिपलॉक पिशवी, आत सिलिका जेलची पुडी, आणि भिजलेल्या छत्रीपासून वेगळा कप्पा. घामाचे हात बटणांवर मीठ सोडतात, आठवड्यातून एकदा कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसून काढा, पण पडद्यावर ते लावू नका. भिजलाच तर लगेच बंद करा, चार्जर अजिबात लावू नका आणि दुरुस्तीवाल्याकडे उघडायला द्या. तांदळाच्या डब्यात घालून काही होत नाही, भुकटी मात्र पोर्टमध्ये जाते.

गणपतीला कोकणात जाताना कन्सोल घरी ठेवणार असाल तर बॅटरी अर्धी भरून बंद करून ठेवा, पूर्ण रिकामी ठेवू नका. वापरात नसलेला स्विचसुद्धा सहा महिन्यांतून एकदा तरी चार्ज करावा, असं निन्टेन्डोच सांगते. पीएसपी असेल तर बॅटरी काढून वेगळी ठेवा. परत लावल्यावर तारीख-वेळ नव्याने टाकावी लागेल, एवढंच.