एकाच जाळीतले दोन पतंग

करवंदाच्या जाळीत हात घालून अळ्या शोधणारा माणूस दिसला की गावातली पोरं आधी हसतात, आणि दहा मिनिटांत स्वतःच शोधायला लागतात. आंबोलीजवळ एका पावसाळ्यात अशाच पोरांनी मला सहा अळ्या आणून दिल्या. बोटाएवढ्या जाड, गुळगुळीत, शेपटीवर शिंग. तळाला ओलसर माती आणि पालापाचोळा घालून बरणीला फडकं बांधलं, रोज ताजा पाला दिला. त्यांचे कोष झाले आणि यथावकाश पतंग निघाले. चौघांच्या पुढच्या पंखांवर पांढरे ठिपके, दोघांवर नाहीत. मी वहीत दोन जाती लिहून मोकळा झालो.

जात एकच होती, नेफेली हेस्पेरा. ठिपके कधी असतात, कधी नसतात. जुन्या पुस्तकांत हीच जात नेफेली डिडिमा म्हणून सापडते, म्हणजे माझ्यासारख्या उत्साही माणसाच्या यादीत एका पतंगाचे तीन व्हायला वेळ लागत नाही.

हा पतंग हॉकमॉथपैकी, म्हणजे जाड अंगाच्या, जोरात उडणाऱ्या पतंगांपैकी एक. भारतातल्या हॉकमॉथची यादी करायच्या कामावर मी प्रकल्प सहायक म्हणून लागलो तेव्हा मला वाटायचं, रात्री पडदा लावायचा, फोटो काढायचे, नावं लिहायची. स्फिंगिडी हे या कुळाचं नाव. जगात साधारण १४६० जाती, त्यातल्या आपल्याकडे दोनशेच्या वर. आकडा आवाक्यातला वाटतो. पण यादीतल्या प्रत्येक नावामागे कोणी, कुठे, कधी पाहिलं याचा पुरावा लागतो, आणि खरं काम तिथे आहे.

पडद्याचं आधी सांगतो, कारण नवीन माणसाला त्याचीच ओढ असते. उजेडाला आलेले पतंग त्यावर येऊन बसतात. पांढरी चादर, १६० वॅटचा मर्क्युरी बल्ब, अमावस्येच्या आसपासची ढगाळ, दमट, वारा पडलेली रात्र. बल्बवर छत्री धराच. तापलेल्या काचेवर पावसाचा थेंब पडला की बल्ब फुटतो. माझा फुटला, आणि दुसरा आणलेला नव्हता. बल्बकडे टक लावून बघू नका, डोळे चुरचुरतात. अकरा वाजता आवराआवर करू नका, काही जाती मध्यरात्र उलटल्याशिवाय फिरकत नाहीत. पाठीवर कवटीचं चित्र असलेला अकेराँटिया आला तर हातात धरून बघा, तो चक्क चिरकतो. गावात त्याला अशुभ मानणारे भेटतात. त्यांच्याशी वाद घालत बसण्यापेक्षा त्याची अळी त्यांच्याच तिळावर किंवा पारिजातकावर दाखवावी.

पण पडद्यावर सगळे येत नाहीत. सेफोनोडिस हायलस दिवसा उडतो, पारदर्शक पंखांचा, लांबून भुंगाच वाटतो. तो मला मिळाला घरामागच्या अनंताच्या झाडावर, अळी म्हणून. कोषातून निघताना त्याच्या पंखांवर करडी भुकटी असते आणि पहिल्याच भरारीत ती झडून जाते. ती बघायची तर पतंग घरात वाढवायलाच हवा.

ही गोष्ट आपल्याकडे फार आधी कळलेला माणूस म्हणजे टी. आर. बेल. वनखात्यातला अधिकारी, कारवारला राहिला, १९४८ साली तिथेच वारला. कारवार ज्यात येतं तो तेव्हाचा उत्तर कॅनरा जिल्हा मुंबई इलाख्यात होता. बेल आणि मेजर स्कॉट यांचा भारतातल्या हॉकमॉथवरचा ग्रंथ १९३७ साली निघाला. त्यात अळी, कोष, खाद्यवनस्पती यांची वर्णनं इतकी बारीक आहेत की आजही मी पतंग हातात घेतला की आधी तेच पान उघडतो. नावं मात्र बदलली आहेत. रताळ्याच्या वेलावर वाढणारा त्यांचा हर्सी आता अ‍ॅग्रियस झाला आहे. म्हणून पहिले दोन महिने जंगल विसरा आणि प्रत्येक जातीची जुनी-नवी नावं एका तक्त्यात मांडा. कंटाळा येईल. मलाही आला होता.

त्याहून किचकट जुन्या चिठ्ठ्या. संग्रहातल्या टाचणीखाली नुसतं ‘सिक्कीम’ लिहिलेलं असेल तर त्यात दार्जिलिंगही येऊ शकतं. ‘आसाम’ म्हटलं की खासी टेकड्याही आल्या, ज्या आता मेघालयात आहेत. राज्यवार यादीत असा नमुना कुठे घालायचा? आम्ही ठिकाण जसं लिहिलंय तसंच उतरवायचो आणि अंदाज वेगळ्या रकान्यात.

स्वतःच्या चिठ्ठीवर गाव, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख आणि गोळा करणाऱ्याचं नाव त्याच रात्री, पेन्सिलीने लिहा. शाई पावसात पसरते. जंगलात नमुने घ्यायचे तर वनखात्याची परवानगी लागतेच, अर्ज उन्हाळ्याच्याही आधी टाका. माझ्या पहिल्या अर्जात नकाशा जोडायचा राहिला आणि कागद हातात पडला तोवर दसरा उलटला होता. कोकणात नमुन्यांना बुरशी येते, जाड पोटाच्या पतंगांना तेल सुटतं, आणि पेटीत एखादा किडा शिरला तर महिन्याभरात टाचण्यांखाली भुकटी उरते. पेटी दर पंधरा दिवसांनी उघडून बघायची.

फोटोंबद्दल माझं मत थोडं कडू आहे. मॅक्रोग्लॉसम या हॉकमॉथच्या गटातल्या पतंगाचा वरून काढलेला सुंदर फोटो बहुतेक वेळा निरुपयोगी असतो; मागच्या पंखांवरचा पिवळा पट्टा आणि पोटाकडची बाजू दिसायला हवी. हिप्पोशन रोझेटा आणि हिप्पोशन बोरहावी या दोन जाती तर बाहेरून वेगळे करताच येत नाहीत म्हटलं तरी चालेल. पोटाचं टोक कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात मऊ करून जननेंद्रियं सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागतात. काही वेळा वाळलेला एक पाय डीएनए तपासायला पाठवतात.

हे काम विद्यापीठातून शिकून येत नाही, मला ते संग्रहालयातल्या एका निवृत्त सहायकाने शिकवलं. प्राणिशास्त्राची पदवी असेल तर पुण्यात झूऑलॉजिकल सर्व्हेचं केंद्र आहे, मुंबईत बीएनएचएस, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी. तिथले संग्रह बघायला रीतसर पत्र लिहून विचारा. पगाराच्या आशेने येऊ नका. प्रकल्प संपला की नोकरी संपते, माझी दोनदा संपली.

माझ्या कपाटात अजून एक पेटी आहे, तिच्यावर लिहिलंय ‘रोझेटा किंवा बोरहावी’. त्यात एकोणीस नमुने आहेत. सात तपासून झाले.