पहिलं गाणं: सहा अक्षरं, काळी चार आणि बंद कूलर

पहिलं गाणं लिहायला बसलं की आवडत्या गायकाची चाल नकळत गळ्यात येतेच. ती झटकत बसू नका. चाल बाजूला ठेवा आणि रचनेचं माप घ्या. नागपुरात राहणाऱ्याला त्यासाठी लांब जावं लागत नाही.

सुरुवात मोठ्या अभंगानं करा. चार चरण असतात: पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाच्या शेवटी जुळवायचं. जोडाक्षर एकच धरायचं. आता गंमत बघा: ‘येऊन राहिली’ ही आपली नागपुरी बोली बरोबर सहा अक्षरांची आहे, आणि पुस्तकी ‘येते आहे’ चार अक्षरांचं. म्हणजे जी बोली गाण्यातून पुसून काढली जाते, तीच पहिल्या तीन चरणांत चपखल बसते. आठवडाभर रोज एक कडवं लिहा आणि चाल न लावता बोटांवर मोजत म्हणा. मोजणी बरोबर असूनही ओळ अडखळली, तर बहुधा एखादा शब्द चरणाच्या काठावर तुटलेला असतो.

मग गझल. सुरेश भटांच्या (१९३२–२००३) नावाचं सभागृह रेशीमबागेत आहेच. तिथे गाण्याआधी मतला, म्हणजे गझलेचा पहिला शेर, शिका. मतल्याच्या दोन्ही ओळींत काफिया (यमकाचा शब्द) आणि रदीफ (त्याच्यामागून तसाच परत येणारा शब्द), पुढच्या शेरांत फक्त दुसऱ्या ओळीत. लघू अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन. नवखे लोक छानसा रदीफ ठरवून मोकळे होतात आणि तिसऱ्या शेरालाच काफिये संपतात. म्हणून मतल्याआधी दहा-बारा काफिये वहीत उतरवून घ्या.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजेरी भजनांतून ध्रुवपद शिकावं: समोरच्यांना एका दमात परत म्हणता येईल इतकंच लांब. मात्र त्यांचे शब्द घेऊन नवी चाल रेकॉर्ड करायची असेल तर आधी परवानगी घ्या. आपल्याकडे कवीच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतो. महाराजांचं निधन १९६८ चं, म्हणजे २०२८ अखेरपर्यंत. तुकोबांच्या शब्दांना ही अडचण नाही.

पट्टी ठरवताना अंतऱ्यातला सर्वांत वरचा सूर गाणं पूर्ण गाऊन झाल्यावर तपासा. ताज्या गळ्याला सगळंच जमतं. गिटारवर काळी एकसाठी (सप्तकातली पहिली काळी) कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, पहिल्या घरात आणि सी-कॉर्डचे आकार. काळी चारसाठी चौथ्या घरात ई-चे. काळी पाचसाठी तिसऱ्या घरात जी-चे.

आता रेकॉर्डिंग. मे महिन्यात इथला खरा शत्रू कूलर. त्याची घरघर सॉफ्टवेअरनं काढली की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो, म्हणून कूलर-पंखा बंदच हवा. पहाट शांत वाटते, पण तेव्हा कोकीळ सुरू होते. रात्री अकरानंतरची वेळ बरी. कूलर बंद केल्यावर अर्धा तास थांबून मग तारा लावा, कारण हवेतला ओलावा बदलला की लाकूड फुगतं-आकसतं आणि सूर हलतो. गाणाऱ्याच्या मागे आणि दोन्ही बाजूंना गाद्या उभ्या करा. माईक तोंडापासून एक वीतभर दूर, किंचित तिरका, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’ फुटत नाहीत. गिटारसाठी माईक बाराव्या घराकडे रोखा, २० ते ३० सेंटिमीटरवरून. पोकळीसमोर ठेवला तर नुसता घुमारा येतो. फाइल २४ बिटची वेव्ह ठेवा. सर्वांत मोठा सूर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये राहू द्या. शून्याला लागून फाटलेला आवाज नंतर धड दुरुस्त होत नाही. कंडेन्सर माईक (वीज लागणारा) असेल तर इंटरफेसवरचं, म्हणजे माईक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या पेटीवरचं, ४८ व्होल्टचं बटण दाबलंय ना, तेही बघा. ‘माईक खराब आहे’ ही तक्रार बरेचदा इथेच मिटते.

पहिला कार्यक्रम तीन गाण्यांचा पुरे. गणपतीच्या मंडपात साउंडवाल्याला गिटारसाठी डीआय बॉक्स, म्हणजे गिटारची वायर थेट मिक्सरला जोडणारी डबी, आधीच मागून ठेवा. गिटारसमोर साधा माईक धरला की शीळ सुटते, आणि मग साउंडवाला गिटारचाच आवाज पाडतो. रात्री दहाला भोंगे बंद होतात, तेव्हा शेवटचा क्रमांक घेऊ नका. तारांचा एक सुटा संच खिशात असू द्या; तुटते ती बहुधा पहिलीच.