घरचे हलके पदार्थ आणि क्राफ्ट बिअर: फोडणीवरून जोडी कशी ठरवावी

घरी आठ-दहा जणांना बोलावून क्राफ्ट बिअर, म्हणजे छोट्या ब्रुअरीत बनलेली बिअर, ठेवायचे ठरले की खाण्याचा विचार बहुधा सर्वांत शेवटी होतो आणि ऐन वेळी फरसाणाच्या पुड्या फोडून बशांमध्ये ओतल्या जातात. बर्फासारख्या गार, फारशी चव नसलेल्या बाटलीबंद लागरबरोबर (बाजारातली नेहमीची फिकट बिअर) ते खपूनही जाते. परंतु २००९ मध्ये पुण्यात डूलाली ही मायक्रोब्रुअरी, म्हणजे छोट्या प्रमाणावर बिअर बनवणारी जागा, सुरू झाली, त्यानंतर पुण्या-मुंबईत आणि गोव्यात गव्हाची बिअर, कडू आयपीए (इंडिया पेल एल), काळी स्टाउट असे प्रकार हळूहळू ओळखीचे झाले आणि या बिअरना स्वतःची ठळक चव असल्यामुळे सोबतच्या पदार्थाने ती चव एकतर खुलते किंवा पार मरते. शिवाय पाच टक्के मद्यार्काच्या ३३० मिलिलिटर बिअरमध्ये साधारण १४० ते १५० किलोकॅलरी असतात आणि तिच्यातील वायूने पोट लवकर भरते, त्यामुळे वर भजी आणि वेफर्स खाल्ल्यास दुसऱ्या ग्लासापर्यंत माणूस जड होऊन बसतो. म्हणून वाफवलेले, भाजलेले आणि मोड आणलेले पदार्थ अशा बैठकीला अधिक शोभतात, आणि ते आपल्या स्वयंपाकघरात मुळातच भरपूर आहेत.

मी पहिल्यांदा असा बेत केला तेव्हा मोड आलेल्या मटकीची भेळ केली होती, तिला लाल मिरची आणि लसणाची खमंग फोडणी दिली होती आणि हौसेने आयपीए ठेवली होती. भेळ उत्तम झाली होती आणि बिअरही चांगली होती. तरीही दोन घोटांनंतर निम्म्या पाहुण्यांनी ग्लास बाजूला सरकवले आणि एका काकांनी तर ताक आहे का, अशी चौकशी केली. चूक मटकीची नव्हती, फोडणीची होती, आणि तेव्हापासून मी बिअर निवडताना पदार्थाचे नाव पाहण्याआधी त्याची फोडणी पाहतो.

यामागचे कारण समजून घेतले तर पुढची निवड सोपी होते. मिरचीचा तिखटपणा ज्या कॅप्सायसिनमुळे येतो ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात मात्र चांगले विरघळते. मिरची तापलेल्या तेलात पडली की ते तेल तिखट होते आणि खाताना जिभेवर, टाळूवर पसरून चिकटून राहते. त्यावर बिअर प्यायल्याने ते धुऊन निघत नाही. उलट बिअरमधील वायूची टोचणी, मद्यार्काची ऊब आणि हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या एका वेलीच्या फुलांचा, कडूपणा हे तिन्ही त्या जळजळीत भर घालतात. कडूपणा मोजण्यासाठी आयबीयू नावाचे एकक वापरतात. जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये तो साधारण ८ ते १५ असतो, तर अमेरिकन पद्धतीच्या आयपीएमध्ये ४० ते ७० पर्यंत जातो. मायक्रोब्रुअरीच्या फळ्यावर किंवा कॅनवर हा आकडा बहुधा लिहिलेला असतो आणि तिखट पदार्थासोबतची बिअर निवडताना तो मद्यार्काच्या टक्क्यांइतकाच लक्षपूर्वक वाचावा.

तेव्हा पहिली कृती अशी की मिरची फोडणीतून काढून ताटाच्या कडेला न्यावी. मोहरी, हिंग, कढीपत्ता, तीळ, जिरे यांची फोडणी बिअरला अडचण करत नाही, उलट मोहरीचा भाजका कडवटपणा आणि हिंगाचा दर्प माल्टच्या (बिअरसाठी मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या) गोडसर चवीशी छान जुळतो. ज्यांना तिखट हवे त्यांच्यासाठी ठेचा वाटीत वेगळा ठेवावा, म्हणजे प्रत्येकाला आपापल्या ग्लासाप्रमाणे प्रमाण ठरवता येते. लसूणही बेताने घालावा; कच्च्या लसणाची चव पुढच्या दोन बिअरपर्यंत तोंडात रेंगाळते.

माझ्या मते या सगळ्या प्रकारात सर्वांत चांगली जमणारी जोडी कोथिंबीर वडी आणि बेल्जियन विटबिअर यांची आहे. विटबिअर ही न माल्ट केलेला गहू आणि बार्लीचे माल्ट यांपासून होते आणि तिच्यात संत्र्याची वाळलेली साल आणि धणे घालतात. बेल्जियममधील होगार्डन गावात ही शैली १९५० च्या दशकात बंद पडली होती आणि पुढच्या दशकात पिएर सेलिस यांनी ती पुन्हा सुरू केली. एकाच झाडाचा पाला वडीत आणि बी ग्लासात, असा हा योग असल्यामुळे वडीत धण्यांचा हात थोडा सैल ठेवावा. दोन वाट्या बारीक चिरलेल्या, धुऊन पूर्ण निथळलेल्या कोथिंबिरीला एक वाटी बेसन, दोन चमचे तांदळाचे पीठ, एक चमचा जाडसर कुटलेले धणे, एक चमचा तीळ, थोडे आले, हळद, मीठ आणि एखादीच हिरवी मिरची घ्यावी. कोथिंबीर ओली राहिली तर पीठ सैल होते आणि मग बेसन वाढवत बसावे लागते, तसे झाले की वडी कोथिंबिरीची न राहता बेसनाची होते. घट्ट गोळ्याच्या वळकट्या करून त्या पंधरा ते वीस मिनिटे वाफवाव्यात, पूर्ण गार होऊ द्याव्यात आणि मगच कापाव्यात. गरम वळकटीवर सुरी चालवली की तिचा चुरा होतो. तळण्याऐवजी तव्यावर दोन चमचे तेल सोडून काप दोन्ही बाजूंनी लालसर भाजावेत. हा भाजका कुरकुरीत कड महत्त्वाचा आहे, कारण विटबिअर मऊ आणि किंचित आंबटसर असते आणि तिला काहीतरी खरपूस लागते. लिंबू मात्र पिळू नये; आंबटपणा ग्लासात आधीच असतो.

सुरळीच्या वडीसाठी हेफेवाइझन, म्हणजे जर्मन पद्धतीची गढूळ गव्हाची बिअर, घ्यावी. या बिअरला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो आणि अनेकांना वाटते की तो काही मिसळल्यामुळे येतो, पण तो पूर्णपणे यीस्टमुळे तयार होतो. सुरळीच्या वडीत बेसन, ताक, ओले खोबरे आणि वर मोहरी-हिंगाची फोडणी एवढेच असल्यामुळे लवंगेच्या त्या वासाला मोकळी जागा मिळते. एक वाटी बेसनाला तीन वाट्या पातळ ताक हे प्रमाण मला विश्वासाचे वाटते. गुठळ्या मोडून मध्यम आचेवर सतत ढवळत राहावे आणि पीठ तयार झाले का हे पाहण्यासाठी ताटाच्या पाठीवर एक बोटभर पट्टी ओढावी. अर्ध्या मिनिटाने ती अखंड सुटून आली तर गॅस बंद करून लगेच सगळे पसरावे. येथे दोन मिनिटांचा उशीर चालत नाही, म्हणून पाहुणे येण्याच्या आत हे काम उरकलेले बरे. हेफेवाइझन ओततानाही एक पद्धत आहे. बाटली उभीच ठेवलेली असावी, तीन चतुर्थांश बिअर तिरप्या ग्लासात हळू ओतावी, उरलेली बाटलीत हलकेच फिरवून तळाचे यीस्ट मोकळे करावे आणि मग ते वर सोडावे. त्या गढूळपणातच तिची निम्मी चव असते.

दडपे पोहे, काकडीची कोशिंबीर, कैरी घातलेली भेळ अशा आंबट पदार्थांची गोष्ट थोडी वेगळी आहे. आंबट पदार्थासमोर गोडसर माल्टची बिअर बेचव आणि कडू बिअर अधिक कडू लागते, म्हणून येथे आंबटाला आंबटच द्यावे. गोझ ही जर्मनीतील गोस्लार आणि लायपझिग या शहरांशी जोडलेली शैली आंबट असते आणि तिच्यात चक्क मीठ आणि धणे घालतात, त्यामुळे ती ऐकायला विचित्र वाटली तरी दडप्या पोह्यांसोबत प्यायल्यावर लिंबू-मीठ-सोड्याची आठवण होते. पुण्यात कोकम आणि मीठ घालूनही आंबट एल (एल हा बिअरचाच एक प्रकार) बनल्या आहेत. तशी एखादी मिळाली तर ओल्या नारळाच्या दडप्या पोह्यांसाठी तिच्याइतके योग्य दुसरे काही नाही. दह्यातल्या कोशिंबिरीबरोबर मात्र आयपीए टाळावी, कारण हॉप्सचा रेझिनसारखा कडूपणा आणि दह्याचा आंबटपणा एकत्र आले की माझ्या जिभेला तरी ते नासल्यासारखे लागते.

इडलीचे तुकडे, ढोकळा, उकडलेल्या शेंगा, मीठ लावून भाजलेले मक्याचे कणीस या सौम्य पदार्थांना पिल्सनर किंवा क्योल्श यांपैकी एखादी फिकट बिअर पुरेशी आहे. पिल्सनरचा जन्म १८४२ मध्ये बोहेमियातील प्लझेन शहरात झाला आणि तिचा स्वच्छ, किंचित कडसर शेवट तोंड नीट पुसून काढतो. क्योल्शबद्दल एक गोष्ट आपण जरूर उचलावी. कोलोन शहरात ती २०० मिलिलिटरच्या सरळ, निमुळत्या ग्लासातून देतात, म्हणजे बिअर कोमट होण्याच्या आत ग्लास रिकामा होतो. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत अर्ध्या लिटरचा मग हातात धरून गप्पा मारत बसण्यापेक्षा हा छोटा ग्लास कितीतरी शहाणपणाचा आहे. भाजलेली कोळंबी असेल तर तिलाही पिल्सनरच द्यावी; बांगड्यासारख्या तेलकट माशाबरोबर मात्र कडू बिअरची चव धातूसारखी लागते, असा माझा अनुभव आहे.

हिवाळ्यात हुरडा मिळाला तर बाकीचे बेत बाजूला ठेवावेत. गोवऱ्यांच्या विस्तवावर भाजलेल्या कोवळ्या ज्वारीला धुराचा आणि गोडसर दाण्याचा जो स्वाद असतो, त्याला भाजक्या माल्टची अंबर एल किंवा डुंकेल ही गडद जर्मन लागर भावंडासारखी शोभते. सोबतची शेंगदाण्याची चटणी चालते, लसणाची जरा हात राखून घ्यावी.

मग आयपीएने काय करावे, असा प्रश्न तिचे चाहते विचारतील. तिला चरबी आणि मीठ लागते, तिखट नको असते. मिरपूड आणि कसुरी मेथी लावून तव्यावर भाजलेले पनीर, भाजलेले काजू किंवा चीज घातलेले मक्याचे छोटे कटलेट यांच्याबरोबर ती चांगली वागते. मेथीचा स्वतःचा कडूपणा हॉप्सच्या कडूपणात मिसळून जातो. तरी हलक्या पदार्थांच्या बैठकीत आयपीए एकच ठेवावी आणि तीही शेवटून दुसरी, कारण तिच्यानंतर विटबिअर प्यायली तर ती पाण्यासारखी लागते.

एकूण क्रम फिकटाकडून गडदाकडे आणि शेवटची स्टाउट सोडली तर कमी मद्यार्काकडून जास्त मद्यार्काकडे जाणारा असावा. आठ माणसांसाठी तीन, फार तर चार प्रकार पुरेत. प्रत्येकाचा माणशी १५० मिलिलिटरचा छोटा ग्लास आणि त्याच्यासोबत दोन-तीन घास, एवढ्या प्रमाणात जोडी कळते आणि कोणी तर्र होत नाही. प्रत्येक फेरीनंतर साधे पाणी आणि चिमूटभर मिठाचे चुरमुरे द्यावेत, त्याने तोंड स्वच्छ होते. मायक्रोब्रुअरीतून ताजी बिअर घरी नेण्याची सोय असेल तर ती त्याच दिवशी आणावी, वाटेत आणि घरी थंड ठेवावी आणि एकदा झाकण उघडल्यावर एका दिवसात संपवावी, कारण ती बहुधा पाश्चराइझ केलेली नसते आणि वायू निघून गेल्यावर तिच्यात राम राहत नाही. महाराष्ट्रात मद्यप्राशनासाठी परवाना लागतो आणि सौम्य बिअरसाठी वयाची अट २१ वर्षांची आहे, हे यजमानाने आधीच पाहून घ्यावे. गाडी चालवणाऱ्यासाठी फ्रीजमध्ये कोकम सरबताची बाटली असावी.

ग्लासांकडे बहुतेक घरांत दुर्लक्ष होते. साबणाचा किंवा तेलाचा पुसटसा थर राहिला तरी बिअरचा फेस बसतो, आणि फेसाबरोबर वासही जातो. त्यासाठी ग्लास आदल्या दिवशी धुऊन, भरपूर पाण्याने खळबळून उपडे ठेवावेत आणि कापडाने पुसू नयेत, कारण स्वयंपाकघरातल्या फडक्यात तेल असतेच. ग्लास फ्रीझरमध्येही ठेवू नयेत, त्यावर जमलेला बर्फ वितळून बिअर पातळ होते. तव्यावरच्या वड्या हाताने खायच्या असल्यामुळे शेजारी कागदी रुमाल ठेवावेत, नाहीतर तेलकट बोटे आणि ओठ दुसऱ्या घोटालाच फेस मारतात.

शेवटच्या फेरीला मी ड्राय स्टाउट ठेवतो. तिचे नाव आणि रंग पाहून ती जड असेल असे वाटते, पण आयरिश पद्धतीच्या ड्राय स्टाउटमध्ये मद्यार्क बहुधा साडेचार टक्क्यांच्या आसपासच असतो आणि काळेपणा येतो तो खरपूस भाजलेल्या बार्लीमुळे, म्हणूनच तिला कोऱ्या कॉफीची चव असते. तिच्यासोबत पुरंदरचे ताजे अंजीर अर्धे कापून, त्यावर साखर न घालता घट्ट चक्का आणि वर शेंगदाण्याच्या चिक्कीचा चुरा घालावा. चिक्कीतला गूळ आणि भाजका दाणा थेट त्या बार्लीशी बोलतात. अंजिराचा हंगाम नसेल तर मऊ खजूर चालतो. ही बिअर फ्रीजमधून काढून लगेच ओतली तर नुसती कडू लागते, म्हणून अंजीर कापायला घेताना बाटली बाहेर काढून ओट्यावर ठेवावी. उन्हाळ्यात दहा मिनिटे आणि थंडीत वीस मिनिटे पुरतात.