सुपरव्हिजनच्या तयारीसाठी एआय वापरताना या चुका टाळा

ठाणे आणि नवी मुंबईतल्या नव्या समुपदेशकांना सुपरव्हिजन, म्हणजे त्यांच्या केसबद्दल अनुभवी थेरपिस्टचे मार्गदर्शन, देताना अलीकडे एक प्रकार वारंवार दिसतो. केस मांडणारी व्यक्ती सेशनबद्दल बोलण्याऐवजी त्या सेशनबद्दल चॅटजीपीटीने काय म्हटले ते वाचून दाखवते. या साधनांना माझा विरोध नाही. डोक्यातला गुंता सोडवण्यासाठी आणि सुपरव्हायझरला नेमके काय विचारायचे ते ठरवण्यासाठी त्यांचा उपयोग होतो. मात्र त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा समोर येतात आणि त्यांतली एक तर इतकी सर्रास होते की तिच्याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे.

ती चूक म्हणजे केवळ आपली बाजू मांडून कौल मागणे. ‘मी केले ते योग्य होते ना?’ असे विचारले की बहुधा होकारच मिळतो, कारण विचारणाऱ्याला रुचेल असे उत्तर देण्याकडे या साधनांचा कल असतो. एप्रिल २०२५ मध्ये तर चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयला जीपीटी-४ओ या मॉडेलमधला एक बदल त्याच्या अतिखुशामतीमुळे मागे घ्यावा लागला होता.

आमच्या सुपरव्हिजन गटातल्या एका समुपदेशिकेचे उदाहरण देते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. वाशीहून दर रविवारी ठाण्याला येणारा तिचा क्लायंट सतत उशिरा येऊ लागला आणि पुढे त्याने सेशन चुकवायलाही सुरुवात केली. तिने ही हकीकत एआयला सांगितली, तेव्हा प्रतिरोध, जवळिकीची भीती, टाळण्याची वृत्ती अशी सुबक मांडणी तिच्या हाती आली. ती मांडणी छापून घेऊन समुपदेशिका गटात आली. त्या रविवारी ट्रान्स-हार्बरवर, म्हणजे ठाणे-वाशी लोकलच्या मार्गावर, दुरुस्तीचा मेगाब्लॉक होता का, असे मी विचारल्यावर सगळे हसले. पण तारखा पडताळल्या तेव्हा उशिराचे बहुतेक रविवार ब्लॉकचेच निघाले. चुकलेल्या सेशनचा उलगडा मात्र त्याने होत नव्हता. म्हणून मी पुढचा प्रश्न विचारला, की तो आला नाही तेव्हा तुला काय वाटले? ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “मॅडम, खरं सांगू? सुटल्यासारखं वाटलं.” त्या क्लायंटच्या बोलण्याच्या पद्धतीने तिला आपल्या वडिलांची आठवण होत असे, आणि तिच्या आवाजात आलेला कोरडेपणा त्याला जाणवला असण्याची शक्यता आम्ही त्यानंतर तासभर तपासली. यातले एक अक्षरही तिने एआयला सांगितले नव्हते आणि त्याने विचारलेही नव्हते. क्लायंटसोबतचे नाते थेरपिस्टच्या केस मांडण्याच्या पद्धतीतही उमटते, याकडे अमेरिकी मनोविश्लेषक हॅरल्ड सर्ल्स यांनी १९५५ सालीच लक्ष वेधले होते. टंकलेल्या मजकुरात ते क्वचितच उतरते.

माझी सवय अशी आहे, की सेशन संपल्यावर आधी वहीत हाताने लिहायचे: क्लायंट काय म्हणाला, मी काय म्हणाले आणि त्या वेळी माझ्या मनात व शरीरात काय झाले. एक रात्र जाऊ द्यायची. एआय त्यानंतर उघडायचे आणि तेही मत न मागता, ‘या विचारांत मी काय टाळते आहे, त्याबद्दल मला फक्त प्रश्न विचार’ एवढेच सांगून. लोकलमध्ये उभ्या उभ्या केस समजून घेऊ पाहणाऱ्यांना ही वही कंटाळवाणी वाटते. अशांना क्लायंटचे महिनोन्‌महिने तेच ते बोलणे कसे ऐकवते, हे मला न उलगडलेले कोडे आहे.

दुसरी चूक म्हणजे नाव बदलले की ओळख पुसली गेली असे मानणे. घोडबंदर रोडवरच्या संकुलात राहणारी, महापे एमआयडीसीत नोकरी करणारी, नवरा मर्चंट नेव्हीत असलेली, जुळ्या मुलींची आई असे वर्णन कोणाचे आहे हे त्या संकुलातला वॉचमनही सांगेल. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ ने गोपनीयतेचा हक्क दिला आहे, आणि ‘चॅट पुसून टाकले’ ही सबब पुरेशी नाही. न्यूयॉर्क टाइम्सने ओपनएआयवर भरलेल्या खटल्यात मे २०२५ मध्ये अमेरिकी न्यायालयाने वापरकर्त्यांनी पुसलेली संभाषणेही जपून ठेवण्याचा आदेश ओपनएआयला दिला होता आणि तो काही महिने लागू होता. म्हणून केसची हकीकत टाकूच नये. ‘समोरची व्यक्ती रडू लागली की मी घाईने सल्ला देते’ एवढी आपली अडचण लिहिली तरी विचाराला पुरेशी चालना मिळते. त्यापलीकडे काही टाकायचे असल्यास क्लायंटची लेखी संमती घ्यावी.

एआयने सुचवलेला शोधनिबंध स्वतः उघडून वाचल्याशिवाय गटात त्याचा हवाला देऊ नये, कारण अस्तित्वात नसलेले निबंधही ते आत्मविश्वासाने सांगते. चॅटमध्ये घालवलेला वेळ सुपरव्हिजनचे तास म्हणून नोंदवू नये; फी वाचते हे खरे असले, तरी त्या सल्ल्याची जबाबदारी घेणारे तिथे कोणी नसते.

क्लायंटच्या बोलण्यात आत्महत्येचा विचार आला असेल, तर धोका किती आहे हे एआयला विचारत बसू नये. रात्रीचे अकरा वाजले असले तरी सुपरव्हायझरला फोन करावा, मानसोपचारतज्ज्ञांची भेट लवकरात लवकर ठरवावी आणि क्लायंटला टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा चोवीस तास चालणारा क्रमांक द्यावा. वही आणि चॅट दोन्ही त्यानंतर उघडता येतात.