विश्वामित्रीवर नमुने घ्यायला निघण्याआधी

आधी एका कागदावर लिहून काढा, की उत्तर नेमकं कशाचं हवंय. बडोद्याची विश्वामित्री नदी घाण आहे का, एवढंच ठरवायला पैसे घालवू नका. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत ही नदी पहिल्या प्राधान्यात आहे, म्हणजे तिथे बीओडी (घाण कुजवताना जंतूंना लागणारा प्राणवायू) लिटरला ३० मिलिग्रॅमच्या वर गेलेला आहे. बडोद्यातल्या गटाने शोधायचं ते वेगळं: घाण कुठून शिरते, किती शिरते आणि दिवसाच्या कोणत्या वेळी. हे तीन प्रश्न डोळ्यांसमोर असले की जागा, वेळ आणि बाटल्या आपोआप ठरतात.

नदी पावागडाकडून येते, शहरातून वळणं घेत जाते आणि पुढे पिंगळवाड्याजवळ ढाढर नदीला मिळून खंभातच्या आखाताकडे जाते. नकाशावर वरून खाली पाच-सहा ठिकाणं पक्की करा. शहराच्या वर, वेमालीच्या बाजूला एक हवंच, तुलना त्याच्याशीच होणार आहे. मग समाचा मंगल पांडे पूल, कमाटीबागेजवळचा काळा घोडा, मुंजमहुडा, वडसर. याशिवाय भूखी, रूपारेल, मसिया या कांसांपैकी (पावसाचं पाणी नदीत नेणाऱ्या नाल्यांपैकी) ज्यांवर काम करायचं त्यांची मुखं. कांस नदीला मिळते तिथेच खाली नमुना घेऊ नका. घाण पाणी बराच वेळ एका काठाला चिकटून वाहतं. पुलावरून डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे विद्युतवाहकता मोजा. तिन्ही आकड्यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर पाणी मिसळलेलं नाही, पुढचा पूल पकडा.

आता मगरी. पुस्तकात लिहिलेली पद्धत, म्हणजे गुडघाभर पाण्यात उतरून प्रवाहाच्या विरुद्ध दिशेला तोंड करून बाटली भरणे, विश्वामित्रीवर साफ बाद. काठ उभे, झुडपं दाट, आणि गढूळ पाण्यात मगर हातभर अंतरावर असली तरी दिसत नाही. हिवाळ्यात त्या सकाळी काठावर ऊन खात पडतात, निदान दिसतात तरी. उन्हाळ्याच्या तोंडाला माद्या घरट्यांवर असतात आणि तेव्हा काठावरची पायवाटही नको. नियम एकच ठेवा: नमुना पुलावरूनच. कांसेच्या मुखाशी पूल नसेल तर वरच्या अंगाला जिथे कांस रस्त्याखालून जाते तिथल्या मोरीवरून घ्या. मगर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, तेव्हा दगड मारून हाकलणं हा गुन्हाही आहे. निघण्यापूर्वी वनविभागाला तारीख आणि ठिकाणं कळवा, आणि त्यांचा नंबर प्रत्येकाच्या फोनमध्ये असू द्या.

पुलावर खरा धोका मात्र वाहनांचा असतो. चमकणारी जाकिटं, दोन प्लास्टिकचे कोन, आणि एक माणूस फक्त रहदारीकडे बघणारा. स्टीलची छोटी बादली, तिच्या एका बाजूला वजन बांधलेलं म्हणजे पाण्यात पडताच ती कलंडते. दोर वीसेक मीटरचा, नायलॉनचा. नमुना पुलाच्या वरच्या अंगाने, म्हणजे पाणी येतं त्या बाजूने काढा. दोर कठड्याला घासला तर त्यावरची धूळ आणि कबुतरांची घाण थेट बादलीत उतरते, आणि मग कोलिफॉर्मचा (विष्ठेची खूण देणाऱ्या जंतूंचा) आकडा नदीचा की कबुतरांचा हे कोणी सांगू शकत नाही.

बाटल्यांवर सगळ्यात जास्त वेळ घालवा. एकाच मोठ्या कॅनमध्ये पाणी आणून प्रयोगशाळेत वाटून घेऊ, हा विचार बहुतेक नव्या गटांना सुचतो आणि तो निम्म्या चाचण्या वाया घालवतो. बीओडीसाठी एक लिटरची प्लास्टिकची बाटली, काठोकाठ भरलेली, आत हवा नको. सीओडी (रसायनाने मोजलेली प्राणवायूची गरज) आणि अमोनियासाठी वेगळी बाटली, तिच्यात सल्फ्युरिक आम्ल टाकून पीएच २ च्या खाली आणायचा. जड धातू तपासायचे असतील तर तिसरी, तिच्यात नायट्रिक आम्ल. तेल-ग्रीससाठी रुंद तोंडाची काचेची बाटली, कारण प्लास्टिकला तेल चिकटून बसतं. ही बाटली नदीच्या पाण्याने आधी विसळायची नसते. कोलिफॉर्मची बाटली प्रयोगशाळेकडून निर्जंतुक करून घ्या. तीही विसळायची नाही, झाकणाला आतून बोट लावायचं नाही, वर बोटभर जागा ठेवायची. मलशुद्धीकरण केंद्राच्या खाली नमुना घेणार असाल तर त्या बाटलीत आधीच सोडियम थायोसल्फेट टाकून मागा, नाहीतर पाण्यातलं क्लोरीन वाटेतच जंतू मारत राहतं आणि अहवाल फसवा येतो.

नाव बाटलीवर लिहा, झाकणावर नाही. झाकणं अदलाबदल होतात. बर्फाच्या पाण्यात शाईची लेबलं पुसली जातात, म्हणून पेन्सिलीने लिहून वरून पारदर्शक टेप. खोक्यात बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी घाला. मोठे तुकडे बाटलीला दोनच ठिकाणी टेकतात, पाणी मात्र चहूबाजूंनी गार करतं. जंतूंची बाटली सहा तासांत प्रयोगशाळेत पोचली पाहिजे, बीओडी चोवीस तासांत लागला पाहिजे. आपल्याकडे बीओडी २७ अंशांवर तीन दिवस ठेवतात. गुरुवारी नमुने दिले तर वाचन रविवारी येतं आणि त्या दिवशी प्रयोगशाळा बंद. तेव्हा सोमवार धरा, फार तर मंगळवार.

विरघळलेला प्राणवायू मात्र जागेवरच. ऐपत असेल तर लांब केबलचा मीटर घ्या आणि प्रोब थेट नदीत सोडा. बादलीने पाणी काढलं की त्यात हवा मिसळते, आणि जिथे प्राणवायू शून्याजवळ आहे तिथे मीटर उगाच जास्त दाखवतो. मीटर नसेल तर विंकलर पद्धत, म्हणजे रसायनं घालून बाटलीतला प्राणवायू मोजणं. बादलीतून रबरी नळीने ३०० मिलिलिटरची बाटली तळापासून भरा, नळी तळाशीच ठेवून दोन-तीन बाटल्या पाणी वाहून जाऊ द्या आणि बुडबुडा न अडकवता बूच लावा. मग मँगनस सल्फेट २ मिलिलिटर, अल्कली-आयोडाइड-अझाइड २ मिलिलिटर, दोन्ही पिपेटचं टोक पाण्याखाली ठेवून. बूच लावून बाटली पंधरा वेळा उलटीपालटी करा. इथे नीट बघा. तपकिरी साका बसला तर प्राणवायू आहे; साका पांढराच राहिला तर जवळजवळ नाही, आणि ते नोंदवून पुढच्या पुलावर जा. तपकिरी असेल तर २ मिलिलिटर तीव्र सल्फ्युरिक आम्ल घालून साका विरघळवा, २०३ मिलिलिटर घ्या आणि ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेटने अनुमापन करा, म्हणजे रंग जाईपर्यंत ते थेंबथेंब घाला. स्टार्च रंग फिका पिवळा झाल्यावरच टाका. जितके मिलिलिटर लागले तितका लिटरला मिलिग्रॅम प्राणवायू, वेगळा हिशोब नको. अझाइड विषारी आहे, उरलेलं द्रावण बंद डब्यात परत आणा. आम्लासाठी चश्मा आणि हातमोजे प्रत्येकाला, अपवाद नाही.

वेळही बांधून घ्या. शेवाळ आणि जलपर्णी असलेल्या पाण्यात प्राणवायू पहाटे सगळ्यात कमी आणि दुपारी सगळ्यात जास्त असतो. एका महिन्यात सकाळी आठला आणि दुसऱ्या महिन्यात दुपारी दोनला मोजलं तर नदी ‘सुधारल्यासारखी’ दिसते. ३० अंशांवर पाणी फार तर साडेसात मिलिग्रॅम धरतं, त्यामुळे तापमान लिहिल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. पीएच मीटर आदल्या रात्री ७ आणि ४ च्या बफरवर, वाहकतेचा मीटर १४१३ मायक्रोसीमेन्सच्या द्रावणावर जुळवा. दर दहा नमुन्यांमागे एक जोडनमुना (त्याच जागी लगेच दुसऱ्यांदा) घ्या आणि एका बाटलीत नुसतं डिस्टिल्ड पाणी भरून तीही सगळीकडे फिरवा; त्यात काही सापडलं तर चूक आपल्या हातची.

नुसती तीव्रता मोजून उपयोग नाही, प्रवाह मोजा. कांसेचा दहा मीटरचा सरळ तुकडा निवडा, संत्रं सोडा, सेकंद मोजा, तीन-चार वेळा. पृष्ठभागावरचा वेग ०.८५ ने गुणा, मग रुंदी आणि खोलीने. समजा रुंदी १.२ मीटर, खोली १० सेंटिमीटर आणि संत्र्याचा वेग सेकंदाला अर्धा मीटर. म्हणजे दिवसाला सुमारे ४४ लाख लिटर. बीओडी ८० असेल तर नदीत रोज साडेतीनशे किलो भार जातो. शेजारच्या काळ्याकुट्ट पाइपातून २५० बीओडीचं पाणी सेकंदाला दोन लिटर येत असेल तर त्याचा भार त्रेचाळीस किलो. फोटोत पाइप भयंकर दिसतो, पण आधी मागे लागायचं ते कांसेच्या.

कांस पावसाच्या पाण्यासाठी असते. शेवटचा पाऊस होऊन आठवडा उलटल्यावरही ती वाहत असेल तर कोणाची तरी गटारजोडणी चुकली आहे. सकाळी सात ते नऊ आणि पहाटे तीनला, अशा दोन्ही वेळी प्रवाह बघा. सकाळी फुगून पहाटे आटणारं पाणी घरांचं. पहाटेही तितकंच वाहणारं पाणी गळतीचं, पंपिंग स्टेशनच्या ओसंडण्याचं किंवा कारखान्याचं. वाहकता अचानक चढली तर शेवटचं गृहीत धरून बघा. मग महापालिकेचा माणूस बरोबर घेऊन खालून वर एकेक मॅनहोल तपासा. झाकण उघडणं आणि आत वाकणं हे त्यांचंच काम. आतल्या वायूने माणूस क्षणात जातो. संशयित सोसायटीच्या शौचालयात रंग टाकून तो कांसेत दिसतो का, ही चाचणी त्यांच्या लेखी परवानगीनेच.

सापडलेली जोडणी मलवाहिनीत वळवून घेणं हा खरा उपाय. तबेल्याचं शेण, हॉटेलांचं तेल आणि गाड्या धुण्याच्या जागा यांचा पाठपुरावा वॉर्ड ऑफिसात सोपा जातो, कारण जबाबदार माणूस समोर असतो. गणपतीला कृत्रिम तलाव आणि निर्माल्याचे कलश हवेतच. पण वर्षभराच्या भारात त्यांचा वाटा लहान आहे, सगळी ताकद तिथे खर्चू नका. जंतूंची पावडर शिंपडणं आणि वाहत्या सांडपाण्यावर झाडांचे तराफे सोडणं यांवर आम्ही एक रुपयाही घालणार नाही. पाणी तिथे टिकतच नाही, तर जंतू काय करणार? कांसेच्या तोंडाशी कचऱ्याची जाळी बसवणार असाल तर ती कोण, कुठल्या वारी साफ करणार हे आधी लिहून घ्या. तुंबलेली जाळी पहिल्या मोठ्या पावसात वस्तीत पाणी घालते. पहिल्या पावसाचा नमुना मात्र चुकवू नका. रस्त्यावरची महिन्यांची घाण पहिल्या अर्ध्या तासात उतरते, त्यासाठी बाटल्या मे अखेरीस तयार ठेवा.

नोंदवहीत ठिकाण, वेळ, तापमान, मागचा पाऊस कधी पडला, वास, रंग, बाटल्यांचे क्रमांक आणि नेणाऱ्याची सही. गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाला अर्ज करताना एक लक्षात ठेवा: १९७४ च्या जल कायद्याच्या कलम २१ प्रमाणे नोटीस देऊन, दोन भाग करून, सील करून घेतलेला नमुनाच कोर्टात पुरावा ठरतो. आपला आकडा त्यांना योग्य जागी, योग्य वेळी पोचवण्यासाठी आहे. म्हणून अर्जात ‘पाणी दूषित आहे’ असं लिहू नका. अमुक मोरी, सकाळी साडेसात ते साडेआठ, सलग तीन सोमवार, भार इतके किलो, असं लिहा आणि नकाशा जोडा.